रुग्णाची माहिती : विश्वस्तांकडील ठेव

आमच्या रुग्णालयाचा वार्षिक अहवाल नियमितपणे वाचणाऱ्या विश्वस्तांच्या, देणगीदारांच्या व हितचिंतकांच्या ध्यानात एक बदल आल्यावाचून राहणार नाही. अहवालाच्या शेवटी ‘मोफत व सवलतीच्या उपचारांचे लाभार्थी’ या मथळ्याखाली एक तक्ता छापण्याची आपली प्रथा होती. रुग्णाचे नाव, गाव, आजार आणि माफ केलेली रक्कम असे त्याचे चार रकाने असत, सोबत काही रुग्णांची छायाचित्रेही असत. या अहवालात तो तक्ता नाही, छायाचित्रेही नाहीत. ती पाने अनवधानाने गळलेली नसून विचारपूर्वक वगळलेली आहेत. त्यामागील कारणे सांगणे हे आमचे कर्तव्य आहे. त्या निमित्ताने रुग्णाच्या माहितीची गोपनीयता म्हणजे काय, तिच्यासंबंधी कायदा काय सांगतो आणि देवगाव रंगारीसारख्या गावात ती राखणे किती कठीण आहे, याचाही ऊहापोह करण्याचे योजिले आहे.

निमित्त

काही महिन्यांपूर्वी एक गृहस्थ प्रशासन कक्षात आले. त्यांच्या मुलीवर आपल्या येथे मोफत उपचार झाले होते व ती पूर्णपणे बरी झाली होती. तिच्या आजाराचे नाव आम्ही येथे लिहीत नाही, गावही सांगत नाही. मुलीचे लग्न जमत आले होते. सोयरिकीच्या बोलणीत वरपक्षातील कोणाच्या तरी हाती आपला जुना अहवाल लागला. त्यात मुलीचे नाव, गाव व आजार अशी ओळ होती. बोलणी तेथेच थांबली.

ते गृहस्थ भांडायला आले नव्हते. ते एवढेच म्हणाले, “साहेब, पोरगी बरी केली, तुमचे उपकार आहेत. पण आम्ही पैसे भरले असते तर तिचं नाव पुस्तकात छापलं असतं का?”

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. पूर्ण शुल्क भरणाऱ्या एकाही रुग्णाचे नाव आणि आजार आम्ही कधी छापला नव्हता. ज्याला पैसे देता आले नाहीत त्याच्याकडून आम्ही नकळत त्याच्या अब्रूचे मोल घेत आलो होतो. प्रथा चांगल्या हेतूने सुरू झाली होती. देणगीदारांना आपल्या पैशाचा विनियोग दिसावा, एवढाच तिचा उद्देश होता. परंतु हेतू चांगला असल्याने झालेली हानी भरून निघत नाही. त्या गृहस्थांच्या संमतीने, ओळख पटेल असा सर्व तपशील टाळून, हा प्रसंग येथे नमूद केला आहे.

ठेव कोणाची?

आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे, आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले. म्हणून हा विषय आम्हांला हिशेबाच्या भाषेतच अधिक स्पष्ट होतो. ठेवीदार पतसंस्थेत रक्कम ठेवतो तेव्हा ती रक्कम संस्थेच्या तिजोरीत असते, परंतु संस्थेच्या मालकीची नसते. ताळेबंदात ती देणे म्हणून दाखवली जाते. रुग्णाच्या माहितीचेही तसेच आहे. केसपेपर आपल्या छापखान्यात छापलेला असतो, कपाट आपले असते, संगणक आपला असतो. त्यावर लिहिलेली माहिती मात्र रुग्णाने एका विशिष्ट कामासाठी, म्हणजे स्वतःच्या उपचारासाठी, आपल्याकडे ठेवलेली असते. त्या कामाव्यतिरिक्त तिचा वापर करणे म्हणजे ठेवीदाराला न विचारता ठेव उचलणे होय.

फरक एवढाच की, अपहार झालेली रक्कम व्याजासह परत करता येते, फुटलेली गोष्ट परत घेता येत नाही. गोष्ट एकदा षट्कर्णी झाली की ती कोणत्याही वहीत परत जमा होत नाही.

हा विचार नवा नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यकीच्या शिष्याला जे नियम सांगितले आहेत, त्यांत रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत, हा एक नियम आहे. पाश्चात्त्य वैद्यकातील हिपोक्रेटिसच्या शपथेतही हीच आज्ञा आहे. दूरदूरच्या दोन परंपरांनी वैद्याला एकच बंधन घालावे, याचे कारण उघड आहे. गोष्ट बाहेर जाईल अशी भीती असेल तर रुग्ण खरे सांगणार नाही, आणि रुग्ण खरे सांगत नसेल तर निदान चुकेल.

रोग लपतो तेव्हा

गोपनीयता ही केवळ रुग्णाच्या सोयीची बाब आहे, असा एक समज आढळतो. महाराष्ट्राचा इतिहास तसे सांगत नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ असताना घरोघर सैनिकांकडून झडत्या घेण्यात आल्या, माणसांची उघड्यावर तपासणी झाली, रुग्णांना घरच्यांपासून तोडून नेण्यात आले. साथ रोखण्याची गरज खरी होती. परंतु रुग्णाच्या व कुटुंबाच्या प्रतिष्ठेचा विचार न झाल्याने लोक रुग्णांना लपवू लागले आणि लोकक्षोभ पराकोटीला गेला. त्याच वर्षी २२ जून रोजी प्लेग समितीचे प्रमुख रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या, हे सर्वश्रुत आहे.

सव्वाशे वर्षांनंतर कोविडच्या साथीत आपण याच प्रश्नाला पुन्हा सामोरे गेलो. मार्च २०२० मध्ये विलगीकरणातील व्यक्तींच्या डाव्या हातावर शिक्के मारण्यात आले, अनेक ठिकाणी घरांवर फलक लागले. ९ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सक्षम अधिकाऱ्याच्या विशिष्ट आदेशाशिवाय रुग्णांच्या घराबाहेर असे फलक लावू नयेत, असे स्पष्ट केले. दाराला फलक लागेल या धास्तीने ताप अंगावर काढणारी माणसे आम्ही आमच्या परिसरात पाहिली आहेत. गोपनीयतेचा भंग झाला की रोग दडतो, आणि दडलेला रोग शेजाऱ्यालाही सोडत नाही.

गावातील अडचण

मोठ्या शहरात रुग्ण गर्दीत हरवून जातो. आपल्याकडे तसे नाही. देवगाव रंगारी व आसपासच्या गावांतून येणारा माणूस बाह्यरुग्ण विभागात बसला की बाकावरील निम्मी माणसे त्याला नावाने ओळखतात. केसपेपर काढणारा त्याच्या भावकीतला असतो, परिचारिका त्याच्या पत्नीची माहेरची ओळखीची असते. “कोणाला आणलंय? काय झालंय?” हा प्रश्न येथे आपुलकीने विचारला जातो आणि उत्तर न देणे उद्धटपणाचे मानले जाते. आठवडी बाजाराच्या दिवशी ते उत्तर चार गावांत पोहोचते.

म्हणूनच आपल्याकडे माहिती फुटते ती बहुधा चोरीने नव्हे, सवयीने. आमच्याच रुग्णालयाची आम्ही पाहणी केली तेव्हा पुढील गोष्टी आढळल्या. नोंदणीच्या खिडकीवर तक्रार काय, हे मोठ्याने विचारले जात होते आणि रुग्णालाही मोठ्यानेच सांगावे लागत होते. तपासणीसाठी हाक मारताना नावासोबत आजाराचा उल्लेख होत होता. प्रयोगशाळेचे अहवाल उघड्या ट्रेमध्ये ठेवलेले असत आणि आपला अहवाल शोधताना प्रत्येकाला इतरांचे अहवाल चाळता येत. खाटेवरील पाटीवर निदान लिहिलेले असे. घाटी रुग्णालयात पाठवलेल्या रुग्णाची चिठ्ठी न मिटता जीपचालकाच्या हाती दिली जाई. खोलीबाहेर वडीलधारे थांबलेले असताना सुनेला तिचे गर्भारपण, गर्भपात वा वंध्यत्व यांविषयी दार उघडे ठेवून विचारले जाई. अलीकडे यात मोबाइलची भर पडली. क्ष-किरण फोटो किंवा अहवाल सल्ल्यासाठी म्हणून व्हॉट्सॲप समूहावर टाकला जाई आणि त्यावर रुग्णाचे संपूर्ण नाव तसेच असे.

यांपैकी एकाही गोष्टीमागे कोणाचा वाईट हेतू नव्हता. त्यामुळेच त्या इतकी वर्षे कोणाच्या डोळ्यांवर आल्या नाहीत.

कायदा काय सांगतो

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरला व्यवसायात कळलेली रुग्णाची गुपिते उघड करता येत नाहीत. न्यायालयाचा आदेश, एखाद्या विशिष्ट व्यक्तीस वा समाजास गंभीर धोका आणि कळविणे बंधनकारक असलेले रोग, एवढेच अपवाद त्यात आहेत. ओळख पटेल असे रुग्णाचे छायाचित्र वा वृत्तान्त त्याच्या परवानगीविना प्रसिद्ध करण्यासही तेथे मनाई आहे. हे वाचताना आपल्या अहवालातील जुनी छायाचित्रे आठवून आम्हांला संकोच वाटला.

वैद्यकीय गर्भपाताच्या २००३ च्या नियमांनी तर एक नमुनेदार पद्धत घालून दिली आहे. दाखल नोंदवही हा गोपनीय दस्तऐवज मानला आहे आणि इतर कागदांवर स्त्रीच्या नावाऐवजी अनुक्रमांक लिहावयाचा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तिची ओळख अनधिकृतपणे उघड करणाऱ्यास कारावासाची शिक्षा होऊ शकते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेला एचआयव्ही-एड्स कायदा यांनीही गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे.

या वाटचालीत मुंबई उच्च न्यायालयाचा १९९७ चा एक निकाल महत्त्वाचा आहे. एका सार्वजनिक उपक्रमातील हंगामी कामगार कामासाठी सक्षम असूनही केवळ एचआयव्ही चाचणीच्या निष्कर्षामुळे त्याला काम नाकारण्यात आले होते. न्यायालयाने ते अन्यायकारक ठरवले. त्याहून लक्षणीय बाब अशी की, त्या कामगाराला आपले नाव गुप्त ठेवून दाद मागण्याची मुभा मिळाली. म्हणून तो खटला आजही ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ अशा अक्षरांनीच ओळखला जातो. न्याय मागण्यासाठी माणसाला आपला आजार चव्हाट्यावर मांडावा लागू नये, हे तत्त्व त्यातून पुढे आले.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत सुधारणा होऊन रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे आवश्यक झाले. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ आला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संगणकातील माहितीच्या सुरक्षेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. हा आकडा मोठ्या कंपन्यांसाठी वाटला, तरी हा कायदा आपल्यासारख्या संस्थांनाही लक्षात घ्यावाच लागेल.

गोपनीयतेच्या मर्यादा

गोपनीयता म्हणजे सर्व काही सर्वांपासून लपवणे नव्हे. क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद शासनास कळविणे २०१२ पासून आवश्यक आहे. बालकावरील लैंगिक अत्याचार निदर्शनास आल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार तो कळवावाच लागतो, मात्र बालकाची ओळख जाहीर करता येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे उपकरण जोडण्याचे व ‘एफ’ नमुना ऑनलाइन भरण्याचे आदेश निघाले, तेव्हा रुग्णाच्या खासगीपणाचा मुद्दा उपस्थित झाला होता. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते आदेश योग्य ठरवले. या सर्व उदाहरणांत माहिती ठरावीक अधिकाऱ्याकडे, ठरावीक कारणासाठी व आवश्यक तेवढीच जाते. ती बाजारात जात नाही.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. गोपनीयतेचे कारण सांगून रुग्णालाच त्याचे कागद नाकारता येत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच ही सबब अमान्य केली होती. २००२ च्या आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत कागदपत्रे देणे बंधनकारक आहे आणि आंतररुग्णांचे अभिलेख उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षे जतन करावयाचे आहेत. ठेव इतरांपासून राखायची असते, ठेवीदाराला ती मागताक्षणी द्यायची असते.

धर्मादाय उपचार आणि प्रतिष्ठा

आता मूळ मुद्द्याकडे वळू. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. या सवलतीसाठी रुग्णाला उत्पन्नाचा दाखला वा शिधापत्रिका दाखवावी लागते. म्हणजे श्रीमंत रुग्ण आपल्याला फक्त आपला आजार सांगतो, गरीब रुग्ण आजारासोबत आपली गरिबीही सांगतो. त्याची ठेव दुप्पट आहे, म्हणून आपली जबाबदारीही दुप्पट आहे.

“नावे छापली नाहीत तर पैसा खरोखर गरिबांवरच खर्च झाला, हे आम्ही कसे ओळखावे?” असा प्रश्न देणगीदार विचारू शकतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे : प्रत्येक धर्मादाय रुग्णाला अनुक्रमांक दिला जातो. त्या क्रमांकाची संपूर्ण कागदपत्रे कुलूपबंद असतात. लेखापरीक्षक व धर्मादाय आयुक्त कार्यालयाचे अधिकारी ती तपासू शकतात. अहवालात विभागवार संख्या व रक्कम देण्यात येईल. त्यातही एखाद्या विभागात एकदोनच रुग्ण असतील तर तो विभाग इतरांत मिळवून दाखवला जाईल, कारण आपल्या भागात एवढ्या खुणेवरूनही माणूस ओळखता येतो. हिशेब पैशाचा द्यावयाचा आहे, माणसाचा नव्हे.

आम्ही काय केले

नोंदणीच्या खिडकीपासून पाच पावलांवर रेषा आखून पुढील व्यक्तीने तिच्यामागे थांबावे, अशी व्यवस्था केली. तक्रार खिडकीवर न विचारता तपासणी खोलीत विचारली जाते. हाक क्रमांकाने मारली जाते. वृद्ध रुग्णांना क्रमांक वाचता येत नाही, म्हणून मावशी स्वतः जाऊन त्यांना घेऊन येतात. प्रयोगशाळेचे अहवाल बंद पाकिटात, पावती पाहूनच दिले जातात. खाटेवरील पाटीवरून निदान काढून टाकले. घाटीला किंवा अन्यत्र पाठवावयाच्या रुग्णाची चिठ्ठी बंद पाकिटात त्याच्याच हाती दिली जाते. स्त्री रुग्णाला काही वेळ एकटीशी बोलता यावे, याची काळजी घेतली जाते आणि सोबत कोणाला थांबवायचे हे तीच ठरवते.

संगणकासाठी प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र सांकेतिक शब्द दिला आहे. कोणता केसपेपर कोणी व केव्हा उघडला, याची नोंद राहते. पूर्वी एकच सांकेतिक शब्द सर्वांना ठाऊक होता आणि तो पडद्याच्या कडेला चिकटवलेला होता, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. माहितीची प्रत रोज वेगळ्या ठिकाणी साठवली जाते. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्ससारख्या अग्रगण्य संस्थेची संगणक यंत्रणा सायबर हल्ल्याने ठप्प झाली आणि पुढे कित्येक दिवस काम हाताने करावे लागले. आपण लहान आहोत म्हणून सुरक्षित आहोत, असे मानण्यास आधार नाही.

सुरक्षारक्षकापासून वरिष्ठ डॉक्टरांपर्यंत प्रत्येकाने गोपनीयतेच्या लेखी हमीवर स्वाक्षरी केली आहे. प्रशासनानेही ती केली आहे. रद्दीत जाणारे जुने कागद आता फाडून नष्ट केले जातात, कारण केसपेपरात बांधलेली भजी आमच्यापैकी काहींनी पाहिली आहेत.

सर्वच सुरळीत झाले आहे, असे नाही. जुन्या अहवालांच्या वाटलेल्या प्रती परत मिळवता येत नाहीत. कार्यालयातील शिल्लक प्रतींमधील ती पाने काढली आहेत. ज्यांच्याकडे प्रती असतील त्यांनी ती पाने नष्ट करावीत किंवा आमच्याकडे पोहोचवावीत, अशी नम्र विनंती आहे.

आपणाकडून अपेक्षा

रुग्णाला भेटण्यास येणाऱ्यांनी शेजारच्या खाटेची चौकशी करू नये. वॉर्डात छायाचित्रे काढू नयेत. गावातील मान्यवरांनी आपल्या शब्दावर पाठवलेल्या रुग्णाचे ‘रिपोर्ट काय आले’ हे दूरध्वनीवरून विचारल्यास आमचे कर्मचारी नम्रपणे नकार देतील, तो अनादर समजू नये. फळवाटप वा साहित्यवाटप करणाऱ्या मंडळांनी रुग्णासह छायाचित्राचा आग्रह धरू नये. वाटप होताना आम्ही मनापासून आभार मानू, रुग्णाचा चेहरा मात्र देऊ शकणार नाही.

ज्या गृहस्थांच्या प्रश्नाने हा बदल घडला, त्यांची संस्थेने क्षमा मागितली आहे. त्यांच्या मुलीचे जे नुकसान झाले ते क्षमेने भरून येणार नाही, याची आम्हांला जाणीव आहे. आपल्या देणगीतून बरा झालेला माणूस गावात ताठ मानेने वावरावा, यातच त्या देणगीचे सार्थक आहे. या अहवालातून वगळलेली पाने त्यासाठीच वगळली आहेत. आजवर आपण दिलेला विश्वास यापुढेही असाच राहावा, ही विनंती.